कंदील श्रोता मंडळ, केळवे

केळवे,
सोमवार, २ जून १९६९

कमळी,

"तवा तू गप का रायलीस?" असं तू परवा पालघरच्या बाजारात मला विचारलंस. मला उत्तर देता आलं नाही. दोन दिवस विचार केला, आजही येत नाही. बी.ए.च्या परीक्षेत एकही प्रश्न सोडला नव्हता, आणि हा एवढासा प्रश्न कोरा राहिला.

तू माझ्याकडे न बघता सुकट मापत होतीस. मी कॉलेजातून गुणपत्रक घेऊन निघाले होते, ते हातातच होतं. तुला वाटलं असेल, मिरवायला आले. "बी.ए. झालीस म्हनं," एवढं म्हणालीस. मग बालवाडीचं सांगितलंस. दातिवऱ्याला बालवाडी निघते आहे, शिकवायला गावातलीच बाई हवी, पण ती मॅट्रिक पास पाहिजे. बाहेरून परीक्षेला बसायचं तर फॉर्मवर आपल्या शाळेच्या हेडमास्तरांची सही लागते, आणि तुझा दाखला बघितल्यावर ते सही करत नाहीत. दाखल्यावर 'वर्तन असमाधानकारक' लिहिलेलं आहे. हे सगळं तू सुकटीचा भाव सांगावा तसं सांगितलंस, आणि मग तो प्रश्न. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, तू तिकडे वळलीस. माझी बस लागली होती. मी चढले. चढले हेही लिहून ठेवते, कारण या पत्रात काही गाळायचं नाही असं मी ठरवलं आहे.

उत्तराच्या आधी एक गोष्ट. तू विचारली नाहीस, पण बाकी सगळे विचारतात. मला लँटर्न्सची लाज वाटत नाही. चार वर्षांपूर्वी आपण दोघी मुंबईच्या त्या पाच पोरांच्या बँडवर वेड्या झालो होतो, आणि ते वेड चांगलं होतं. शांतारामदादा तारापूरला अणुशक्ती प्रकल्पाच्या बांधकामावर लागला आणि त्याने ट्रान्झिस्टर आणला. दर रविवारी पाच वाजता रेडिओ सिलोनवर इंग्रजी फर्माइशी लागत. लँटर्न म्हणजे कंदील हे डिक्शनरीत सापडल्यावर तूच म्हणालीस, मग कंदील लावूनच ऐकायचं. भर उन्हात आपण पडवीत कंदील लावून बसायचो आणि माई आतून ओरडायची, "घासलेट काय तुमच्या बापाच्या विहिरीत निघतं?" तू दोन काठ्या घेऊन रिकाम्या डब्यावर ताल धरायचीस. मी गाण्यांचे शब्द कानाला येतील तसे दोनशे पानी वहीत देवनागरीत उतरवायचे आणि मग आठवडाभर डिक्शनरीत त्यांचे अर्थ शोधायचे. लोक म्हणतात त्या गाण्यांनी पोरी बिघडल्या. मी इंग्रजी घेऊन पदवीधर झाले. आमच्या घरात माझ्या आधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. त्या वहीशिवाय मीही गेले नसते.

फर्माइशीची कार्डं लिहायचं काम माझं, कारण अक्षर माझं चांगलं. मंडळाच्या नावाने आलेलं कार्ड आधी वाचतात, नावं जास्त असतील तर आणखी आधी, हा शोध तुझा. म्हणून आपण 'कंदील श्रोता मंडळ, केळवे' काढलं. सभासद दोन, कार्डावर नावं आठ. तू, मी, शांतारामदादा, माई, तू ज्यांच्याकडे राहून शिकत होतीस ते देवूमामा, शाळेची घंटा देणाऱ्या रखमाबाई, एसटीचा कंडक्टर आनंदा, आणि आमचा कुत्रा मोत्या. सिलोनवर मोत्याचं नाव आलं तेव्हा तो खाटेखाली झोपला होता आणि आपण हसून हसून खाली लोळलो होतो. पुढे पुढे तर स्टँडजवळच्या हॉटेलात रविवारी पाचला मुद्दाम रेडिओ लावत, केळव्याचं नाव येतं का ऐकायला.

७ फेब्रुवारी १९६५ ला ते आलं. त्या वेळी मी आनंदाच्या जागी कमलाकांतचं नाव घातलं होतं. पालघरच्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा तो. वरातीत त्याने लँटर्न्सची चाल नुसती ऐकून वाजवली होती, म्हणून त्याला मंडळात घेतलं. कार्डावर आठ नावं होती, नेहमीसारखी. तुझ्याशेजारी त्याचं आलं, इतकंच. निवेदकाने मात्र त्या दिवशी दोनच नावं वाचली. केळव्याच्या कमळी आणि कमलाकांतसाठी. हॉटेलात इंग्रजी कोणाला येत नव्हतं, पण दोन नावं कळायला इंग्रजी लागत नाही.

सोमवारी शाळेच्या भिंतीवर तीच दोन नावं खडूने मोठी लिहिलेली होती. हेडमास्तरांनी आपल्याला बोलावलं. "कार्ड कोणी लिहिलं?" तू माझ्याकडे एकदा बघितलंस. मी टेबलावरच्या दौतीकडे बघत होते. तू म्हणालीस, "आमच्या मंडळानं." मी दौतीकडेच बघत राहिले. महिन्यावर परीक्षा आली होती. तुझ्या हातात दाखला दिला, तुला दातिवऱ्याला नेलं आणि मे महिन्यात विश्रामशी लग्न लावून टाकलं. कमलाकांतचं काय झालं माहीत आहे? काही नाही. बँडवाल्यांनी दोन दिवस त्याला नवरदेव म्हणून चिडवलं.

येत्या सोमवारपासून मी आपल्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागते आहे. तुझा दाखला मी बदलून घेते. स्टाफवर आल्यावर हे अवघड जाऊ नये.

विजू


केळवे,
सोमवार, १४ जुलै १९६९

कमळी,

तुझं कार्ड पोचलं. तीन ओळी. "पत्र मिळालं. विचारलं त्याचं उत्तर त्यात नाही. दाखल्याचं होईल तेव्हा होईल, आशा लावून बसायला मला वेळ नाही." अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे पळणारं.

शाळेत पाऊल टाकलं त्या दिवशीच रखमाबाई दारात भेटल्या. म्हणाल्या, "बाई झालीस ता बरा झाला. माजं नाव शिलोनवर घेतलंस, पन पगार काय वाढला नाय बग." चार वर्षांत त्या प्रकरणावर माझ्याशी हसून बोललेलं हे पहिलं माणूस.

पहिले पंधरा दिवस मी हेडमास्तरांकडे गेले नाही. काम नवीन आहे, रुळू दे, असं स्वतःला सांगत होते. मग गेले. त्यांनी आधी नाव ओळखलं नाही.

"कोण कमळी?"

"दातिवऱ्याची. अकरावीतून काढली होती, सर."

"हां, ती रेडिओवाली." चष्मा काढून पुसायला घेतला. "तिचं काय?"

म्हटलं, ती बाहेरून बसणार आहे, दाखल्यावरचा शेरा बदलून दिलात तर बरं होईल. मुलगी हुशार होती, तिचा काही दोष नव्हता.

"तुम्हाला काय माहीत दोष नव्हता?"

मी म्हटलं, एका वर्गात होतो.

"हे पाहा बाई, शेरा म्हणजे काही फळ्यावरचं नाही, पुसून टाकायला. ज्याने कार्ड लिहिलं त्याने पुढे यावं, लेखी द्यावं की या मुलीचा संबंध नव्हता. मग मी दुसरा दाखला देतो. आज मागा, आज देतो." मग चष्मा लावून हसले. "तो क्लॅरिनेटवाला येणार आहे का लेखी द्यायला?"

मी "बरं सर" म्हटलं आणि तासाला गेले.

कमळी, मला वाटलं होतं की माझं नाव कुठेही न येता हे काम होईल. बी.ए. झाले, स्टाफवर आहे, एक शब्द टाकला की झालं. तुला मोकळं करायचं होतं, पण स्वतः न अडकता. हे मी त्या दिवशी आठवीच्या वर्गात फळ्यावर तारीख लिहिताना ओळखलं. इतकं शिकून मला एवढं कळायला फळ्यासमोर उभं राहावं लागलं.

त्याच वर्गात एका मुलीच्या भूगोलाच्या वहीत मागच्या पानावर सिनेमाची गाणी सापडली. तिने वही पोटाशी धरली, डोळे भरले. सगळा वर्ग बघत होता, आता बाई काय करतात. मी वाचली. एका शब्दाचं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ते लाल शाईने दुरुस्त केलं आणि वही परत दिली. स्टाफरूममध्ये मला त्यावरून बोलणी बसली. मी म्हटलं, मुलगी स्वखुशीने एवढं लिहिते, ते भूगोलात लिहीत नाही, तर बघायला हवं की आपण भूगोल कसा शिकवतो. त्यानंतर माझ्या शेजारी डबा खायला कोणी बसत नाही.

घरी चिंचणीच्या स्थळाचं चाललं आहे. मुलगा ओव्हरसियर आहे. अण्णांना पदवीधर मुलीचे वडील होणं फार आवडलं आहे, वाडीत विड्याची पानं खुडतानासुद्धा गड्यांना सांगतात. त्यांच्यापुढे तुझा विषय मी अजून काढलेला नाही.

उत्तर या पत्रातही नाही. माहीत आहे.

विजू


बोईसर,
रविवार, २१ सप्टेंबर १९६९

कमळी,

हे पत्र शांतारामदादाच्या खोलीवरून लिहिते आहे. काल लँटर्न्सना बघितलं.

वाचून तू क्षणभर तरी थांबली असशील, असं मी धरून चालते. प्रकल्पाच्या वसाहतीत गणपती बसतो. सगळ्या मुलखांतली माणसं आहेत, म्हणून कार्यक्रमही सगळ्यांचे. एक दिवस भजन, एक दिवस तमिळ नाटक, आणि काल मुंबईचा बँड. दादाने निरोप पाठवला, "तुझे कंदीलवाले येतात, येतेस का?" अण्णांना म्हटलं दादाकडे गणपतीला जाते. हे खरंच होतं.

पाचांतले तिघेच आले होते. ताल धरणारा, ज्याच्यासारखं तू वाजवायचीस, तो कॅनडाला गेला. गाणाऱ्याचे केस कापलेले, पोट थोडं सुटलेलं. ते मुख्यतः हिंदी सिनेमाच्या चाली वाजवत होते, कारण लोकांना त्याच हव्या होत्या. मागची माणसं बोलत होती, पोरं खुर्च्यांखालून पळत होती. मी दुसऱ्या रांगेत बसून हात मांडीखाली दाबून धरले होते. मग शेवटी त्यांनी आपलं गाणं धरलं. सिलोनवर ऐकलेलं ते पहिलं.

मी उभी राहिले. मला आठवत नाही कधी. पूर्ण गाणं, कडव्यांसकट, मोठ्याने म्हटलं. सगळ्या मांडवात उभी मी एकटी. दादाच्या खोलीतला एक फिटर मागून म्हणाला, "शांतारामभाई, बहनजी को तो पूरा याद है." दादा म्हणाला, "याद कैसे नहीं रहेगा, चार साल घर में दूसरा कुछ बजा ही नहीं." गाणारा माझ्याकडे बघून गात होता. तू असतीस तर खुर्चीवर ताल धरला असतास. मी एकटी होते तरी लाजले नाही.

नंतर मी मागे गेले. इंग्रजीत एक वाक्य घोकून ठेवलं होतं, व्याकरण तपासलेलं. केळव्याच्या श्रोता मंडळातून आले आहे, असं सांगितलं. तो गाणारा, रॉनल्ड, ऐकून म्हणाला, "केळव्याची तू? मी वसईचा गो. मराठी बोल की." कमळी, आपण ज्याला विलायतेचा समजून डिक्शनरी घेऊन बसायचो, तो चार स्टेशनांवरचा निघाला. मी एवढी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

मग त्याने विचारलं, "तुमच्यात तो मोत्या कोण होता? आम्ही ऐकायचो सगळे जमून, आमचं गाणं लागलं का ते. मोत्या म्हणून एक नाव यायचं."

"कुत्रा," म्हटलं.

तो ओरडून दुसऱ्याला म्हणाला, "अरे, कुत्रा होता रे. मी बोललेलो तुला." मग माझ्याकडे वळला. "आणि ते दोघं? कमळी आणि कमलाकांत? ती गोष्ट आम्ही स्टेजवर सांगायचो, आमच्या गाण्यावर केळव्याला एक लग्न जमलं म्हणून. लोक टाळ्या वाजवायचे. झालं ना लग्न त्यांचं?"

मी म्हटलं, "कमळीचं झालं."

"बघ," तो म्हणाला. मनापासून खूश झाला. "आमचं गाणं फुकट नाही गेलं."

मी तिथेही गप्प राहिले. त्या माणसाचा काही दोष नाही, तो चांगला आहे. पण चार वर्षं मुंबईच्या हॉलांत तुझ्या नावावर टाळ्या पडत होत्या, आणि तू शाळा सुटून दातिवऱ्याला जाळी निवडत होतीस. शाळेत तुझी एक गोष्ट झाली, गावात दुसरी, आणि मुंबईत ही तिसरी. तिन्ही खोट्या, आणि तिन्ही माझ्या एका कार्डातून निघालेल्या.

दादा म्हणतो, कार्यक्रमाला चिंचणीच्या मुलाचे मामा होते, माझ्यामागच्याच रांगेत. मी म्हटलं, मग त्यांनी गाणं तरी ऐकलं असेल.

विजू


केळवे,
रविवार, ५ ऑक्टोबर १९६९

कमळी,

आता उत्तराजवळ येते. आधी गुरुवारचं सांगते, कारण ते झालं नसतं तर मी आजही पुढचं लिहिलं नसतं.

गांधी जयंतीची सुटी होती. चिंचणीचे लोक आले. मी आत चहा गाळत होते. मामा म्हणाले, "मुलगी हौशी आहे, बोईसरला पाहिली. पण ते रेडिओचं प्रकरण केळव्याचंच ना? याच शाळेतलं?"

अण्णा लगेच म्हणाले, "ती पोर दुसरी. बंदरावरची. आमची नुसती तिच्यासोबत असायची. तेव्हाच तोडलं आम्ही ते."

अण्णा खोटं बोलत नव्हते, कमळी. त्यांना तेवढंच माहीत होतं. मीच त्यांना तेवढं सांगितलं होतं. माई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाय, चहा ने." मी ट्रे उचलला, बाहेर गेले, सगळ्यांपुढे कप ठेवले. मामांना साखर विचारली. मग म्हटलं, "ते कार्ड मी लिहिलं होतं. त्या मुलीला माहीतसुद्धा नव्हतं त्यावर काय आहे. शिक्षा तिला झाली."

मुलाने कप उचलला होता, तो तसाच खाली ठेवला. मामा म्हणाले, "बरं झालं, आधीच कळलं." मी म्हटलं, "हो, बरं झालं." ते लोक गेल्यावर अण्णा म्हणाले, "चार वर्षं झाली, कोणी विचारत नव्हतं. तुला कोणी विचारलं होतं?" मी म्हटलं, "कमळीने विचारलं होतं." तेव्हापासून ते वाडीतच जेवतात. माई डबा नेऊन देते. परत येऊन मला म्हणाली, "बोललीस ता बोललीस. पन साखर इचारायच्या आदी तरी बोलायचंस, चा तरी वाचला असता." ती रागावली आहे की नाही, मला कळलं नाही.

तिथेही मी अर्धंच बोलले होते. पहिल्या पत्रात तुला लिहिलं, काही गाळणार नाही. गाळलं. 'तुझ्याशेजारी त्याचं नाव आलं, इतकंच' असं लिहिलं. इतकंच नव्हतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी ते कार्ड लिहायला बसले तेव्हा पहिलं नाव लिहिलं विजया. त्याच्याशेजारी कमलाकांत. मुद्दाम. ती वरात माझ्या मनातून जात नव्हती. आमच्या दारावरून गेली तेव्हा त्याने क्लॅरिनेट खाली घेऊन माझ्याकडे बघितलं होतं, किंवा मला तसं वाटलं होतं. सिलोनवर दोन नावं एकापाठोपाठ येतील आणि फक्त मला कळेल, एवढंच हवं होतं. मग कार्डाकडे बघितलं आणि भीती वाटली. अण्णा ऐकतील. म्हणून विजया खोडलं. ब्लेडने खरवडलं, कागद थोडा पातळ झाला. आणि त्या जागी कमळी लिहिलं. माझं नाव खाली सातवं घातलं, मोत्याच्या आधी.

तुझंच का? हातात आलं म्हणून. तू हसून सोडून देशील असं वाटलं म्हणून. आणि कमळी, हे लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे, मनात कुठेतरी हेही होतं की तुझ्या नावाला काही झालं तरी चालेल, माझ्या नावाला नको. मी पुढे कॉलेजात जाणार होते. तू बंदरावरची. अण्णांचा तो शब्द त्यांच्या आधी माझ्या मनात होता.

म्हणून मी दौतीकडे बघत राहिले. काय केलं ते सांगता आलं. गप्प का राहिले, ते तू विचारलंस, आणि ते मला अजून येत नाही. भीती होती म्हणणं सोपं आहे. भीती तुलाही होती, आणि तू माझं नाव घेतलं नाहीस.

क्षमा मागत नाही. क्षमा केलीस की मी मोकळी होईन, आणि फॉर्म तिथेच पडून राहील.

विजया


केळवे,
रविवार, १२ ऑक्टोबर १९६९

कमळी,

हे पाकीट रजिस्टर आहे, सही करून घे. आत काय आहे ते पुढे सांगते. कसं झालं ते आधी.

सोमवारी मी अर्ज लिहून नेला. एक पानभर. सन १९६५ च्या फेब्रुवारीत सिलोनवर वाचलेलं कार्ड मी लिहिलं, त्यावरचं कमळीचं नाव मी तिला न विचारता घातलं, माझं खोडून घातलं, आणि चौकशीच्या वेळी समोर उभी असून मी हे सांगितलं नाही. खाली पूर्ण नाव आणि सही. हेडमास्तरांनी दोनदा वाचलं.

"बाई, हे कशाला? मी आपलं तेव्हा सहज बोललो होतो."

"तुम्ही म्हणालात, आज मागा, आज देतो."

"तुम्ही स्टाफवर आहात. हे कपाटात राहिलं तर तुमचंच नुकसान."

"कपाटात ठेवू नका. तिच्या कागदाला जोडा."

त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. मी परत त्यांच्याकडे सरकवलं. असं दोनदा झालं. मग ते चिडले. म्हणाले, मुलींना असल्या गाण्यांचं वेड लागलं की हे असंच होतं, आणि तुम्ही तर वर्गातही तेच चालवता. मी म्हटलं, "सर, गाण्याने काही झालं नाही. गाणं ऐकून कोणी कोणाची शाळा बंद करत नाही. ती मी केली, आणि तुम्ही केलीत. दोन नावं ऐकून तुम्ही एका मुलीला काढलंत. दुसरं नाव होतं त्याला कोणी एक शब्द विचारला नाही."

इतकं मी आधी कधीच कोणाला बोललेले नाही.

"राजीनामा द्या," ते म्हणाले.

"देणार नाही. तुम्ही काढून टाका आणि कारण लिहा."

ते कारण लिहिणार नाहीत, हे मला माहीत होतं. तोंडीच सांगितलं, दिवाळीनंतर येऊ नका. रखमाबाई बाहेर स्टुलावर बसून सगळं ऐकत होत्या. मी निघाले तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दाखल्याचा कोरा कागद कारकुनाच्या कपाटात हाय. किल्ली माज्याकडं. तो सही करंपर्यंत मी काय घंटा देत नाय." खरंच दिली नाही. मधल्या सुटीची वेळ झाली तरी शाळा वर्गातच बसून राहिली, मास्तर लोक घड्याळं बघायला लागले, पोरं बाकं वाजवायला लागली. हेडमास्तर बाहेर आले, रखमाबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आत गेले आणि सही केली. तो बाकांचा ताल तू ऐकायला हवा होतास.

पाकिटात तुझा नवा दाखला आहे. वर्तन: चांगलं. परीक्षेचा नवा फॉर्म आहे, हेडमास्तरांच्या सहीचा, तुझी सही तेवढी राहिली. माझ्या अर्जाची नक्कल आहे, माझ्या हातची. ती विश्रामला दाखव, देवूमामांना दाखव, कोणालाही दाखव. तुला दाखवायची नसेल तर चुलीत घाल. ती तुझी आहे.

आणि ती दोनशे पानी वही आहे. शब्द कसे का असेनात, डब्यावरच्या तालासाठी मी वर ज्या रेघा मारायचे त्या तुझ्या सांगण्यावरून मारलेल्या आहेत. बालवाडीतल्या पोरांना उपयोग होईल.

मला बोईसरला शिकवणीची कामं मिळतील असं दादा म्हणतो. प्रकल्पावरच्या कामगारांना इंग्रजी हवं आहे, सूचना वाचता येण्यापुरतं. अण्णा कालपासून घरात जेवायला लागले. बोलत नाहीत, पण माईला विचारलं, "त्या पोरीचा कागद झाला का?"

आता शेवटचं. शुक्रवारी मी सिलोनला कार्ड लिहिलं. चार वर्षांनी. कंदील श्रोता मंडळ, केळवे. गाणं ते पहिलंच. तुझं नाव घालावं असं फार वाटलं, लेखणी तिथे थांबली. घातलं नाही. मागे एकदा तुला न विचारता घातलं होतं. तुझं नाव तुला घालायचं असेल तर दातिवऱ्याला पोस्ट आहे.

कार्ड मी पेटीत टाकलं नाही, पोस्टमास्तरांच्या हातात दिलं. केळव्यात त्यांनी वाचलं की स्टँडवरच्या हॉटेलात संध्याकाळपर्यंत पोचतं, हे आपल्याला तेव्हाही माहीत होतं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि सावकाश वाचलं. वाचून होईपर्यंत मी खिडकीशी उभी राहिले. त्यांनी कार्ड उलटं करून बघितलं, आणखी कुठे काही लिहिलं आहे का म्हणून.

"एकच नाव, बाय?"

"एकच. विजया मोरेश्वर राऊत."

त्यांनी शिक्का मारला.